खोतसाहेबांचा हरणारा संघ

केतकीचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरमधल्या तुआसच्या एका शिपयार्डमध्ये होतो, गोदीत उभ्या केलेल्या जहाजाच्या तळाशी. मंगळवार, सकाळचे नऊ वाजले असतील. केतकी म्हणजे खोतसाहेबांची मुलगी. रॅफल्स प्लेसला एका बँकेत नोकरी करते आणि एरवी माझ्याशी निम्म्याहून अधिक इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी ती स्वच्छ मराठीत एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले." मी घड्याळाकडे पाहिलं. आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आत्ता साहेबांच्या बेसबॉल सामन्याची सातवी इनिंग चालू असेल... तासाभराच्या प्रवासानंतर मी पासिर रिसच्या त्यांच्या घरी पोचलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्यांची वही उघडी होती. पाचव्या इनिंगपर्यंत नोंदी होत्या. पेन्सिल वहीतच पडली होती. नलिनीवहिनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून होत्या. त्या मला म्हणाल्या, "भावजी, मी आतून नेहमीसारखं विचारलं, हरले का? तर उत्तर नाही. मला वाटलं, चिडले असतील. मी पोळ्या लाटत राहिले."

हे वाक्य त्यांनी त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. त्यानंतर मात्र कधीच काढलं नाही.

विश्वास खोत मूळचे गुहागरचे. मी मोघे, पुण्याचा. समुद्र म्हणजे काय ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते इंजिनरूममधून वर येऊन, आणि तेही ओकायला. मी तेव्हा जहाजावरचा सगळ्यात ज्युनियर इंजिनिअर आणि खोतसाहेब सेकंड इंजिनिअर. बुटके, काळेसावळे, हातात कायम एक चिंधी. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती आणि गरजही नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या खिशातलं खोडरबर काढून घेतलं. इंजिनचं लॉगबुक, म्हणजे दर पाळीला तपमान, दाब वगैरे लिहायची मोठी वही, त्यात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. "चूक लपवणारा माणूस मला खाली नको," म्हणाले. "चुकणारा चालेल. तसे आपण सगळेच आहोत."

दुसरा धडा वॉचचा. जहाजावर चार तासांची पाळी असते, तिला वॉच म्हणतात. वॉच बदलताना एक रीत आहे. नवा आलेला इंजिनिअर आधी खाली सगळीकडे फिरतो, पंपांना हात लावून बघतो, कुठे गळतंय का, काही तापलंय का ते पाहतो, आणि मग म्हणतो, "घेतला वॉच." तोवर आधीच्याने जागा सोडायची नाही. काही बिघडलेलं दिसलं तर नव्याला नकार द्यायचा हक्क असतो. आधी दुरुस्त कर, मग जा. मी विशीतला, झोपेने डोळे मिटत होते. एकदा मी जिन्यावरून उतरलो तो न फिरताच म्हणालो, "घेतला वॉच, सर." साहेब बरं म्हणाले आणि गेले. वीसेक मिनिटांत थंड पाण्याच्या एका पंपाने मान टाकली. मी धावाधाव करतोय, काय बंद करू, काय चालू करू... तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्याने शांतपणे व्हॉल्व्ह फिरवला. साहेब वर गेलेच नव्हते. जिन्यापाशी उभे होते, चिंधीला हात पुसत. म्हणाले, "तू बघितलं नाहीस हे मला दिसलं होतं. न बघता घेतलेला वॉच हा घेतलेला नसतो. मग मी जाणार कसा?" मी आजवर अनेक माणसांच्या हाताखाली काम केलं, काहींचा ओरडा खाल्ला, एकाने तर पाना फेकून मारला. पण त्या एका वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कोणी नाही.

आता त्यांच्या वेडाकडे येतो. आमच्यासारख्या क्रिकेटवर पोसलेल्या माणसांना ते वेडच वाटायचं. साहेब थर्ड इंजिनिअर असताना त्यांचं जहाज अमेरिकेतल्या एका बंदरात दीड महिना अडकलं होतं, इंजिनाचा एक भाग युरोपातून यायचा होता. तिथे खलाशांची विचारपूस करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी एके संध्याकाळी चौघांना गाडीत घातलं आणि गावातल्या संघाचा बेसबॉलचा सामना बघायला नेलं. संघ सडकून हरला. शेवटी पाऊण स्टेडियम रिकामं झालं, पण ते गृहस्थ उठेनात. मांडीवर कागद घेऊन पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करत राहिले. खोतसाहेबांनी विचारलं, "हे लोक रोज असेच हरतात का?" गृहस्थ म्हणाले, "बहुतेक." "मग तुम्ही लिहिता कशाला?" तर म्हणे, "कोणीतरी लिहायला हवं." हा किस्सा साहेबांनी मला निदान पन्नास वेळा सांगितला असेल. संघाचं नाव मी इथे लिहीत नाही. साहेबांना आवडलं नसतं. ते म्हणायचे, "त्यांची बेअब्रू घरात होते तेवढी पुरे, चव्हाट्यावर नको."

पुढे समुद्र सोडून ते सिंगापूरला स्थायिक झाले, जहाजकंपनीच्या ऑफिसात बसू लागले. पासिर रिसला समुद्राजवळच्या एका ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दहा वर्षांनी मीही इथेच आलो, पण राहायला जुरॉंगला, म्हणजे एमआरटीच्या, इथल्या मेट्रोच्या, हिरव्या लाइनीच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी दर रविवारी सकाळी पाऊण बेट ओलांडून मी त्यांच्याकडे नाश्त्याला जायचो. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची सकाळ. वहिनींचे पोहे, साहेबांचा सामना, आणि मध्ये मी. बेसबॉल मला कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. मी जायचो पोह्यांसाठी आणि साहेबांना डिवचायला. कुठल्याशा मोडीत निघालेल्या जहाजावरची कोरी लॉगबुकं त्यांनी आणून ठेवली होती. त्यात ते सामने लिहायचे. तपमानाच्या रकान्यात धावा, दाबाच्या रकान्यात चुका, आणि उजवीकडे शेरा. बाकीची वही मला वाचता येत नसे, पण शेरे मी आवडीने वाचायचो. "तिसऱ्या बेसवरचा माणूस आज उभ्याने झोपला." "पिचर बदलला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून." पिचर म्हणजे त्यांचा गोलंदाज. "येरे माझ्या मागल्या." एका पानावर फक्त, "काय बोलावं." पानाच्या तळाशी वॉच देणारा आणि घेणारा अशा दोन सह्यांच्या जागा छापलेल्या होत्या. साहेब दोन्हीकडे स्वतःच सही करायचे. मी म्हणायचो, "स्वतःच देता, स्वतःच घेता, ही कुठली रीत?" ते म्हणायचे, "दुसरं कोण घेणार हे गळकं जहाज?"

संघ सहा महिने जवळजवळ रोज खेळतो आणि हा संघ त्यातले बहुतेक दिवस हरतो, त्यामुळे घरातही त्याची एक शिस्त बसून गेली होती. वहिनी स्वयंपाकघरातून कधीही "जिंकले का?" असं विचारत नसत. त्या विचारायच्या, "हरले का?" साहेब म्हणायचे, "हरतायत." मग चहा यायचा, आल्याचा, नेहमीपेक्षा गोड. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्यावरही हरण्याच्या दिवसाचा चहा तसाच राहिला. खालच्या कॉफी शॉपमधले चिनी अंकलही रोज हटकायचे, "युअर टीम अगेन लूज, आह? चेंज टीम लाह!" केतकीचंही तेच. लहानपणी ती बापाच्या मांडीवर बसून सामने बघायची, पण कॉलेजात गेल्यावर तिचा धीर सुटला. "बाबा, देअर आर सो मेनी गुड टीम्स. जस्ट पिक वन लाह." साहेब पेन्सिल खाली ठेवून तिला म्हणाले, "बाळ, जहाज वाईट निघालं म्हणून भर समुद्रात कोणी उतरतं का?" ती माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. मी तिच्याच बाजूचा होतो.

एकदाच, फक्त एकदा, संघाने लागोपाठ आठ सामने जिंकले. साहेबांची झोप उडाली. पहिल्या पाच विजयांनंतर ते संशयाने वागत होते, शेऱ्यात लिहिलं होतं, "मीटर तपासून घ्यावा." आठव्या दिवशी मात्र त्यांच्याने राहवेना. लिटिल इंडियात जाऊन दोन किलो जिलबी घेऊन आले आणि ब्लॉकमध्ये नऊही मजल्यांवर वाटली. सहाव्या मजल्यावरच्या मलय बाईंना वाटलं, केतकीचं लग्न ठरलं. त्यांनी तिला लिफ्टमध्ये मिठी मारली. केतकी आठवडाभर बापाशी बोलली नाही. आणि संघ? नवव्या दिवसापासून पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी. पण ती जिलबी मला अजून आठवते. थोडी जास्तच तळलेली होती आणि साहेब दारात उभे राहून "घ्या, घ्या, पुन्हा योग नाही" म्हणत होते.

दोन वर्षांपूर्वी दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. साहेबांचं हृदय मोठं झालंय आणि नीट पंप करत नाही, असं निदान झालं. आणि संघाच्या मालकांनी होते नव्हते ते चांगले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन त्यांच्या बदल्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं घेतली. बेसबॉलमध्ये म्हणे असं करतात. ती पोरं खालच्या संघांत चार-पाच वर्षं तयार होतात आणि मग वर येतात. संघाचा व्यवस्थापक टीव्हीवर हसतमुखाने म्हणाला, पाच वर्षं धीर धरा, आपलं भविष्य उज्ज्वल आहे. मी रविवारी गेलो तेव्हा साहेबांनी ती मुलाखत मला लावून दाखवली. मग बंद केली. मी इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, कुरकुरताना तर रोजच पाहिलं होतं, पण तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "चाळीस वर्षं मी धीरच धरला ना रे? अजून पाच? आणतो कुठून मी पाच वर्षं? डॉक्टर देतोय का?" वहिनी हातातली ताटली घेऊन तशाच आत गेल्या. मी पोह्यांकडे बघत बसलो. मला त्या हसणाऱ्या व्यवस्थापकाचा इतका राग आला, की तो समोर असता तर मलाही एकाने मारला होता तसा मी त्याला पाना फेकून मारला असता.

पण पुढच्या रविवारी वहीच्या मागच्या बाजूला एक नवीन पान होतं. वर लिहिलं होतं, "मागवलेले सुटे भाग." जहाजावर आपण काय काय स्पेअर मागवलेत, कोणत्या बंदरात मिळतील, त्याची यादी असते, तशी. त्यात त्या पोरांची नावं. एकाच्या पुढे, "खांदा नाजूक, जपून हाताळणे." दुसऱ्याच्या पुढे, "पळतो उत्तम, कुठे पळायचं ते ठाऊक नाही." आणि एक डावखुरा पिचर होता, जेमतेम एकोणिसाचा, त्याच्या पुढे दुहेरी अधोरेखित, "हा खरा." प्रत्येकापुढे कधी पोचणार तो रकाना होता. त्यात साहेबांनी वर्षं लिहिली होती, व्यवस्थित, शिस्तीत, स्वतः ज्यांत असणार नाहीत अशी वर्षं. मी ती यादी वाचली आणि त्या दिवशी त्यांना डिवचलं नाही. तेच म्हणाले, "काय रे, आजारी आहेस का?"

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधीच्या रविवारची. पायांना सूज होती, दोन वाक्यांमध्ये थांबावं लागत होतं. संघ हरत होता. वहिनींनी आतून विचारलं, साहेबांनी उत्तर दिलं, चहा आला. सामना संपल्यावर त्यांनी शेरा लिहिला, तळाशी देणाऱ्याच्या जागी सही केली, आणि वही माझ्याकडे सरकवली. घेणाऱ्याच्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "मोघ्या, वॉच घे आता."

मला कळलं ते काय विचारतायत. तेच कळलं म्हणून मी थट्टेवारी नेलं. म्हणालो, "छे हो साहेब. एवढं बिघडलेलं जहाज मी नाही घेणार. आधी दुरुस्त करा, मग जा. हक्क आहे माझा." साहेब हसले. हसताना त्यांना धाप लागली. मग म्हणाले, "आहे खरा. बरं... मी जिन्यापाशी थांबतो." मी वही मिटली, वहिनींना हाक मारली आणि लिफ्टने खाली आलो. एमआरटीत बसल्यावर मला वाटलं होतं, की आपण त्यांना छान उत्तर दिलं. आपण त्यांना अडवून ठेवलं.

तेराव्यानंतर केतकीने विचारलं, "काका, व्हॉट डू वी डू विथ ऑल दीज बुक्स?" एकोणीस लॉगबुकं होती. मी म्हणालो, राहू देत. आणि परवाच्या रविवारी, पाच आठवड्यांनी, सकाळी सातला मी पुन्हा हिरव्या लाइनीने पासिर रिसला गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि त्या आत निघून गेल्या. वही टेबलावरच होती. मी आधी ती उघडली त्या शेवटच्या रविवारच्या पानावर. देणाऱ्याची सही होती. घेणाऱ्याची जागा रिकामी. आणि शेऱ्याच्या रकान्यात, सामन्याच्या खाली, मी लिफ्टमध्ये असताना कधीतरी लिहिलेलं: "मोघेंनी वॉच घेण्यास नकार दिला. कारण, संघ नादुरुस्त. नकार योग्य." सोमवारच्या पानावरही घेणाऱ्याची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. मंगळवारचं पान पाचव्या इनिंगशी थांबलेलं. मी रडलो. तिथेच, टेबलावर, चष्मा काढून, वहिनींना ऐकू जाईल इतपत रडलो. आधी रडलो नव्हतो मी, फोन आला तेव्हाही नाही, स्मशानातही नाही.

मग रीतीप्रमाणे फेरी मारली. न बघता घेतलेला वॉच घेतलेला नसतो. त्या वर्षाची सगळी पानं पहिल्यापासून वाचली, सुट्या भागांची यादी वाचली, खांदा नाजूक असलेला पोरगा सध्या कुठे आहे ते फोनवर शोधलं. डावखुऱ्याच्या हाताला पट्टी बांधलेली आहे, अजून एक वर्ष तरी लागेल. सगळीकडे गळतंय. तसंच घेतलं. मंगळवारचं पान मी पुरं केलं नाही. दुसऱ्याच्या वॉचमध्ये लिहायचं नसतं. शेवटच्या रविवारच्या पानावर घेणाऱ्याच्या जागी सही केली, शेजारी त्या दिवशीची तारीख टाकून लिहिलं, "उशिरा नोंद." आणि हळू आवाजात म्हणालो, "घेतला वॉच, साहेब. जा आता तुम्ही."

नवं पान काढलं. सामना लावला. पेन्सिलीने लिहायला लागलो. दुसऱ्याच इनिंगमध्ये धावा चुकीच्या रकान्यात गेल्या, तिथे आडवी रेघ मारून सही केली. तिसऱ्या इनिंगमध्ये पुन्हा. चौथीपर्यंत त्या पानावर माझ्याच सह्या जास्त झाल्या होत्या. आत वाहता नळ बंद झाला, भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही.

आतून वहिनींचा आवाज आला. "हरले का?"

"हरतायत," मी म्हणालो.

आत आलं ठेचायला सुरुवात झाली.